फॉर्मवरच्या 'नॉनबायनरी'ला मराठीत काय म्हणायचं?

शहापूर, बेळगाव
नमस्कार मंडळी, एक शब्द पायजे होता. बहिणीचं लेकरू आता 21 वर्षांचं झालंय, परवा माझ्या शेजारी बसून ऑनलाइन फॉर्म भरत होतं. 'लिंग' म्हणून रकाना, त्यात पुरुष, स्त्री, ट्रान्सजेंडर. बाकी सगळं पटापट भरलं आणि तिथं येऊन बोट थांबलं ते थांबलंच. म्हणालं, मामा, मी नॉनबायनरी, पुरुष पण नाही आणि बाई पण नाही. मला कळलं, पण आईला म्हणजे त्याच्या आज्जीला मराठीत सांगायला गेलो आणि अडकलो. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा जो कायदा आहे, हिंदीत त्याच्या नावातच 'उभयलिंगी' शब्द घातलाय, तो मराठीत चालेल काय? भाचा म्हणू की भाची तेच कळेना, म्हणून वर लेकरू लिहिलंय.

निपाणी
उभयलिंगी नको हो. गांडूळ उभयलिंगी असतं असं शाळेत शिकलोय आपण, नर-मादी दोन्ही एकाच शरीरात, शिवाय बायसेक्शुअलला पण मराठीत हाच शब्द वापरतात. तुमचं लेकरू सांगतंय दोन्हीतलं कुठलंच नाही आणि शब्द म्हणतोय दोन्ही. तृतीयपंथी पण मला पटत नाही, त्यात पंथ आला, गुरू-चेले आले, ते एका समाजाचं नाव आहे. फॉर्मचं म्हणाल तर 2019 ला कायदा झाला तेव्हा त्यातल्या ट्रान्सजेंडरच्या व्याख्येत 'जेंडरक्वीअर', म्हणजे पुरुष-स्त्री या चौकटीत न बसणारे, पण होते. आणि त्याआधी 2014 च्या नालसा निकालात, म्हणजे ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं सांगितलंच होतं की आपण कोण हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

सौंदत्ती
त्याच व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावनी यांच्या बरोबरीनं 'जोगता' पण आहे बघा! आमच्या यल्लम्माच्या डोंगरावरचा शब्द दिल्लीच्या कायद्यात, मला तर वाचून भरून आलं. कन्नडमध्ये जोगप्पा म्हणतात. ट्रान्सजेंडर लोककलाकार मंजम्मा जोगतींना 2021 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडं किती जणांना आनंद झाला होता. पण जोगता म्हणजे देवीला वाहिलेला, प्रत्येक जोगता काय ट्रान्सजेंडर नसतो, आणि तुमच्या लेकरानं काय गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या मण्यांची माळ, बांधलेलं नाही, तेव्हा तो शब्द त्याला लावू नका.

शहापूर, बेळगाव
पटलं. खरी अडचण नामाची नाहीच, क्रियापदाची आहे. कन्नडमध्ये 'अवरु बंदरु' (ते आले, त्या आल्या, दोन्हीला एकच) म्हटलं की झालं, बाई काय बाप्या काय, मानानं बोलल्यासारखं पण होतं. मराठीत 'ते आलं' म्हणावं तर लहान पोराला म्हटल्यासारखं, 'ते आले' म्हणावं तर पुरुष, आणि 'नपुंसकलिंग' शब्द तर कुणाच्या तोंडावर उच्चारवत नाही. लेकरू मित्रांशी कन्नडातच बोलतंय ते का, हे मला आत्ता कळलं, आणि वाईट वाटलं. आपल्या घरची भाषा त्याला अडवतेय.

खानापूर
अहो, पण आपल्या भागातल्या बायका 'मी जातो', 'मी आलो' म्हणतातच की! पुण्याला गेलं की हसतात, पण आपल्याकडं त्यात पुरुषपण कुणालाच ऐकू येत नाही. लेकराला जे बोलावंसं वाटतं ते बोलू द्या. नॉनबायनरी शब्द तसाच ठेवा, आपण टेबल आणि रेशन कार्ड ठेवलंच ना. फक्त रकान्यावर 'लिंग' च्या जागी 'लिंगभाव' पायजे, कारण लिंग म्हणजे शरीर आणि विचारतायत ते ओळखीबद्दल.

शहापूर, बेळगाव
लिंगभाव मस्त. काल आईला परत समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी बाजाराला जाऊन येतो, ते लेकरू रात्री जेवायला आहे काय विचार, त्याला वांगं आवडतं."