टोटल लॉस झालेल्या गाडीची आयडीव्ही कंपनी कमी करू शकते का?

प्रश्न
गेल्या महिन्यात सातारा रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली. चूक टेम्पोचालकाची असल्याचे पंचनाम्यात स्पष्ट आहे. माझ्या पॉलिसीत आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत) ६,२०,००० रुपये असून वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज ५,१०,००० दिला, म्हणून गाडी टोटल लॉस ठरली. आता सर्व्हेअर बाजारभावाचे कारण सांगून ५,४०,००० रुपयांवर सही करण्याचा आग्रह धरत आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर १
सही करू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक (तुमच्या बाबतीत ४,६५,००० रुपयांहून अधिक) असला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि त्या दाव्यापुरती पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हीच गाडीची बाजारातील किंमत मानायची, त्यावर पुन्हा घसारा लावायचा नाही, असे प्रमाणित पॉलिसीतच लिहिलेले असते. त्यातून सक्तीची वजावट (दाव्यातली जी रक्कम स्वतःच सोसायची असते) तेवढी जाते; ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आहे. मात्र भंगार तुमच्याकडेच ठेवायचे ठरले असेल, तर त्याची किंमत वजा होणे रास्त आहे, तेव्हा देकारपत्रात तसा उल्लेख आहे का ते आधी पाहा.

प्रश्नकर्ता
भंगार कंपनीच नेणार आहे. देकार तोंडीच आहे.

उत्तर २
मग कपातीचे कारण आणि सर्व्हे अहवालाची प्रत ईमेलने मागा. माझ्या कंपनीने असा ईमेल गेल्यावर तोंडी देकाराचा विषय पुन्हा काढला नाही. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही.

उत्तर ३
टेम्पोची पॉलिसीही विसरू नका. आयडीव्ही मिळूनही जे नुकसान भरून निघत नाही, उदाहरणार्थ वजावट किंवा टोइंगचा खर्च, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टेम्पोमालक आणि त्याच्या विमा कंपनीकडून मागता येते. एकच नुकसान दोनदा मात्र मिळत नाही. एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे आयडीव्हीचा वाद मिटेपर्यंत थांबू नका. फिर्याद, पंचनामा आणि टेम्पोच्या विम्याचा तपशील यांच्या प्रती पोलीस ठाण्यातून आत्ताच घ्या.