नेत्रावळी शिबिर: तंबूवाटपाची यादी अडकली आहे

नमस्कार मंडळी,
शनिवारी यादी वनखात्याला आणि बसवाल्याला द्यायची आहे, आणि मोठ्या मुलांच्या तंबूंपुढचा मार्गदर्शकाचा रकाना अजून रिकामा आहे. तिथे दादाचं नाव होतं. काल कुणीतरी खोडून ‘नंतर ठरवू’ लिहिलं. कुणी, ते विचारत नाही. दोन पालकांचे फोन आले: चतुर्थीत दादाने आपण गे असल्याचं सगळ्यांना सांगितलं, मग रात्री तो मुलांजवळ कसा चालेल? सहा वर्षं चालला ना! मी नाव परत घालणार आहे. हरकत असेल त्यांनी इथे लिहावं, फोनवर नको.
– समन्वयक, फोंडा

दोनपैकी एक फोन माझा. दादाविषयी मनात काही वाईट नाही. धाकट्याला दम्याचा झटका आला तेव्हा त्यानेच पहाटेपर्यंत त्याला मांडीशी टेकवून बसवलं होतं, पंपाचे फवारे मोजत. ते मी विसरणार नाही. पण मुलगे-मुली वेगळ्या तंबूंत ठेवतो ते काहीतरी विचार करूनच ना? तोच विचार इथे का नको?
– म्हापशाहून

तंबूंवरून आठवलं. नऊपैकी दोन गळतात. ताडपत्रीचे पैसे मंजूर आहेत, आणली कुणीच नाही. आणि मार्गदर्शक कोण हे कार्यकारिणी ठरवते, युवा शाखा नव्हे. आधी बैठक, मग यादी.
– खजिनदार

म्हापशाच्या वहिनी, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एकट्या दादापुरतं नको. शाळेत स्काउट-गाइड मी बावीस वर्षं घेतलं. एका शिबिरात एका मुलाला त्रास झाला. त्रास देणारा बायकामुलांचा, देवळाच्या कामात पुढे असणारा गृहस्थ होता. त्याचा संसार बघून आम्ही निर्धास्त राहिलो. तो मुलगा नंतर कधी शिबिराला आला नाही. ती चूक माझी, आजही झोप उडते. लैंगिक अत्याचारापासून मुलांना जपणारा पॉक्सो कायदा 2012चा आहे, त्यात मुलगा असो की मुलगी, संरक्षण सारखंच. आपल्या गोव्याचा बाल कायदा तर 2003चा. म्हणून माझा आग्रह असा: मुलांच्या तंबूत कुठलंही मोठं माणूस झोपायचं नाही. रात्री कुणाला उठवायचं, औषध द्यायचं, तर दोन मोठी माणसं मिळून जातील. हे माझ्यासकट सगळ्यांना लागू.
– बाई, मडगाव

बाईंचं दोन माणसांचं पटलं. भाचा न्यू जर्सीत स्काउटचं काम करतो, तिथेही हाच नियम आहे. त्याच राज्यात जेम्स डेल नावाच्या साहाय्यक स्काउटमास्तरला 1990 साली गे म्हणून काढलं होतं. 2000मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही पाच विरुद्ध चार मतांनी स्काउट संघटनेचीच बाजू घेतली. पुढे 2013च्या मे महिन्यात संघटनेच्या सुमारे 1,400 प्रतिनिधींनी मतदान केलं, साठ टक्क्यांहून जास्त मतं बंदी उठवण्याकडे पडली, आणि 1 जानेवारी 2014पासून गे मुलांना दार उघडलं. मोठ्यांना जुलै 2015मध्ये. म्हणजे मधली दीड वर्षं मुलगा चालायचा, पण अठरा वर्षांचा झाला की त्यालाच बाहेर काढायचं! चर्चच्या तुकड्यांना मात्र आपले मार्गदर्शक आपल्या श्रद्धेप्रमाणे निवडायची मुभा ठेवली.
– पर्वरीहून

न्यू जर्सी राहू दे. आपल्या सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018ला 377 कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, तेवढं पुरे. आणि ती मुभा इथे आणू नका. आपलं मंडळ कुठल्या देवस्थानचं नाही.
– वास्को

मुभा आणा असं मी म्हटलंच नाही.
– पर्वरीहून

बाईंचा नियम सगळ्यांना असेल तर माझी हरकत राहत नाही. पण दादाबद्दल पालकांना आधी कळवायला हवं.
– म्हापशाहून

वहिनी, नियम संमतीपत्रावर ठळक छापतो, पालकांची सही घेतो. दादाबद्दल वेगळं काही छापणार नाही. कोण लग्नाचं, कोण बिनलग्नाचं, हे आपण कधी छापलंय? काका, बैठक शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे.
– समन्वयक

सगळं वाचलं. बाईंच्या नियमाखाली पहिली सही माझी. मी पंधरा वर्षांचा असताना याच मंडळाच्या शिबिरातून पोटदुखीचं निमित्त करून घरी पळालो होतो. तंबूत मला ‘बायलो’ म्हणायचे आणि बाहेर बसलेली मोठी माणसंही हसायची. मार्गदर्शक झालो तो त्या रात्रीमुळे. म्हणून एक मागणी आहे: तंबूत असं चिडवणं ऐकू आलं तर जो मोठा माणूस जवळ असेल त्याने तिथल्या तिथे थांबवायचं. हेही पत्रावर घाला.
शुक्रवारी येतो. ताडपत्री मी आणतो, काका, माप कळवा.
– दादा

बारा बाय अठरा फूट, दोन नग. दोरी धरून आण. पावती मंडळाच्या नावाने घे.
– खजिनदार