मदत हवी आहे: बॉक्सिंग रटाळ झालंय, की आमचीच नजर म्हातारी झालीय?

शहापूरचा_भाचा

मंडळी, आधीच सांगतो, प्रश्न क्रीडा विभागात टाकलाय पण निम्मा घरगुती आहे.

मी बेळगावचा, शहापूर भागातला. उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. माझे मामा 74 वर्षांचे, मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. रेजिमेंटच्या टीममधून बॉक्सिंग खेळलेले, नाक अजून तिरकंच आहे. अमेरिकेत शनिवारी रात्री लढत असली की आपल्याकडे रविवारची सकाळ असते. तीसेक वर्षं आमचा रिवाज असा की मामा हिंडलग्याहून सायकलवर (पुढं पुढं माझ्या गाडीवर) येणार, आई पोहे टाकणार आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या खोलीत यायचं नाही. मामांच्या तोंडून मी अली ऐकला, फ्रेझर ऐकला. आपल्याच आर्मीतले कौर सिंग 1980 च्या जानेवारीत दिल्लीत अलीबरोबर प्रदर्शनी लढत खेळले, ती गोष्ट तर शंभर वेळा. मामा त्या दिवशी दिल्लीत नव्हते, पण सांगताना रिंगचा दोर धरूनच उभे होते असं वाटतं.

आता मुद्दा. 4 मे 2025, रविवार. रियाधला मेक्सिकोचा नावाजलेला कॅनेलो अल्वारेझ विरुद्ध विल्यम स्कल. बारा फेऱ्या. मामा पाचव्या फेरीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "हे मारायलेत काय फोटो काढून घ्यायलेत रे?" आठव्या फेरीला चपला घातल्या. नंतर वाचलं की दोघांचे मिळून 445 ठोसे झाले, आणि ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या नोंदीत बारा फेऱ्या चाललेल्या लढतीत याहून कमी कधीच झाले नव्हते. कॅनेलोचे त्यातले 152. छत्तीस मिनिटांत एकशे बावन्न! आमच्या फाउंड्रीत घण मारणारा पोरगा चहाच्या आधी तेवढे मारतो.

त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये टायसन आणि यूट्यूबवरून रिंगणात आलेल्या जेक पॉलचा प्रकार झालाच होता. 58 वर्षांचा टायसन, दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या. आमच्याकडे तर निम्मा वेळ पडद्यावर चक्रच फिरत होतं. आणि त्याच्याही आधी मेवेदर–पॅकियाओ. पाच वर्षं वाट बघायला लावली. 2015 ला लढले तेव्हा एक 38 चा, दुसरा 36 चा, आणि लढत कसली, नुसती खडाखडी.

त्या मे महिन्यापासून मामा आलेले नाहीत. "तू बघ, मला सांग" म्हणतात. आणि खरं सांगू, एकट्यानं बघताना मीही मोबाईल हातात घेतो.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धंदाच बिघडलाय, की पन्नाशीनंतर सगळ्यांनाच सगळं बेचव लागतं? आणि मामांना परत खुर्चीत बसवायचं तर गेल्या दोन-तीन वर्षांतली कुठली लढत दाखवू? जुनी नको, जुन्या त्यांना पाठ आहेत.

निपाणीकर

दादा, हा रोग आपल्या मातीलाही लागलाय. नोव्हेंबर 2023 आठवतो काय? एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. गदा दोन, केसरी दोन, आणि टपरीवर भांडण की खरा कोण. बॉक्सिंगमध्ये हे 17 वजनगटांत आणि चार संघटनांत चाललंय, प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा, पट्टा वेगळा. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. म्हणजे एका वेळी 68 जगज्जेते बसू शकतात. त्यात "अंतरिम" आणि "रेग्युलर" असले जोडपट्टे वेगळेच.

आमच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले. आज इकडच्या शेंबड्या पोरालाही ते नाव माहीत आहे. का? तर गादी एक होती. आता हेवीवेटचा जगज्जेता कोण, हे तुमच्या फाउंड्रीत विचारून बघा.

शहापूरचा_भाचा

विचारलं. चौघांपैकी तिघं "टायसन" म्हणाले. चौथा म्हणाला, "कुठला टायसन, तो मेला की." (मेला नाही.)

निपाणीकर

बघा! अहो, मे 2024 मध्ये युक्रेनच्या उसिकनं ब्रिटनच्या फ्युरीला हरवलं आणि चारही पट्टे एकाच्या कमरेला आले. हेवीवेटमध्ये चार पट्ट्यांच्या जमान्यात असं पहिल्यांदाच झालं. त्याआधीचा निर्विवाद जगज्जेता म्हणजे 1999 चा लेनॉक्स लुईस. पंचवीस वर्षांनी सण आला म्हणायचं. आणि दीड महिन्याच्या आत आयबीएफचा पट्टा सुटला, कारण त्यांच्या नियमानं ठरलेल्या आव्हानवीराशी आधी खेळायला पाहिजे होतं आणि उसिकनं फ्युरीशी परतीची लढत आधीच ठरवलेली. पट्टा त्या आव्हानवीराच्या, म्हणजे डुबॉयच्या घरी गेला. 2025 च्या जुलैत उसिकनं वेम्बलीवर डुबॉयला पाचव्या फेरीत आडवं करून परत आणला, ते वेगळं. पण मधल्या वर्षभरात साध्या माणसानं काय समजायचं? माणूस लढतीला कंटाळत नाही हो, या हिशेबाला कंटाळतो.

कॅम्पातला_जुना

मी जरा वाकडं बोलणार, राग मानू नका.

तुमच्या घरी हॅगलर–हर्न्स लढतीची कॅसेट असणार. सगळ्यांच्याच घरी होती. एप्रिल 1985, आठेक मिनिटांत खेळ खलास, तिसऱ्या फेरीत हर्न्स पडला. ती कॅसेट दुबईहून कुणीतरी आणली, कारण ती तशी होती. रटाळ लढतीची कॅसेट कोणी सामानात घालून आणली असती काय? चाळणीतून जे उरलं तेवढंच आपण पाहिलंय आणि आता त्याची तुलना कालच्या न चाळलेल्या धान्याशी करतोय.

आणि तमाशा म्हणाल तर 26 जून 1976, टोकियो. खुद्द अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर इनोकी. पंधरा फेऱ्या इनोकी पाठीवर पडून लाथा मारतोय आणि अली भोवती फिरतोय. शेवटी बरोबरी. जेक पॉलला नावं ठेवताना हेही मामांना विचारा. सैन्यातल्या माणसानं पेपरात वाचलं असणारच.

पण एका ठिकाणी मी मामांच्या बाजूनं. 1975 या एका वर्षात अलीनं चार लढती केल्या, शेवटची मनिलाला फ्रेझरशी. आजचा चॅम्पियन वर्षाला दोन खेळला तर खूप. मेवेदरनं 50–0 चं, म्हणजे पन्नास जिंकल्या आणि एकही हरली नाही, हे फॅड लावल्यापासून एक पराभव म्हणजे दिवाळं, असं सगळे समजायला लागले. हरायची भीती असलेला माणूस मारत नाही, चुकवतो. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड बांधताना "निकाली" ठरली असली की लोक हलगी सुरू व्हायच्या आधीच सरसावून बसायचे, बरोबरीत सुटणार म्हटलं की भेळेकडे पांगायचे. तसंच आहे हे.

शहापूरचा_भाचा

इनोकीचं विचारलं. फोनवर दोन मिनिटं शांतता. मग "त्यात अलीची चूक नव्हती" एवढंच. काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

खानापूरची_पीटीबाई

भाऊ, मी शाळेत पीटी शिकवते, मुलींना थोडं बॉक्सिंगही. तुमची पोस्ट वाचून हसले आणि थोडी चिडलेही. टायसन–पॉलच्या त्या रात्री मुख्य लढतीच्या आधी काय होतं ते तुम्ही पाहिलंत काय? केटी टेलर विरुद्ध अमांडा सेरानो. दहा फेऱ्या, सेरानोच्या डोळ्यावर एवढी मोठी चीर, तरी दोघी मागं सरकल्या नाहीत. तिन्ही पंचांच्या कागदावर 95–94. ज्या रात्रीला तुम्ही शिव्या घालताय त्याच रात्रीची सगळ्यात चांगली लढत पोहे भाजताना निघून गेली. आपला नीरज गोयतही त्याच रात्री खेळला आणि जिंकला, ते आणि वेगळं.

अजून एक. जुन्या लोकांचं एक रडगाणं असतं, पूर्वी पंधरा फेऱ्या असायच्या, खरा कस तेव्हा लागायचा. मामाही म्हणत असतील. 1982 च्या नोव्हेंबरात मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोरियाचा किम दुक-कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीनं फेऱ्या बारावर आणल्या, बाकीच्यांनीही काही वर्षांत तेच केलं. माझ्यासमोर तेरा वर्षांच्या मुली हेडगार्ड बांधून उभ्या राहतात, त्यामुळे या तीन फेऱ्या कमी झाल्याचं मला काडीचं दुःख नाही.

चोर्ला_घाट

सगळे बोलले, पण मूळ गंमत कोणी सांगितली नाही. दादा, तुम्ही एक दिवस आधी टीव्ही बंद केलात!

कॅनेलो–स्कल रविवारी सकाळी. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आपल्या वेळेनं, लास वेगासला नाओया इनोउए विरुद्ध रामोन कार्देनास. तिकडे रविवार रात्र होती. तुम्ही शिफ्टला असणार. इनोउए म्हणजे जपानचा, चार फूट की पाच फूट म्हणून लोक हसतात, पण दोन वजनगटांत चारही पट्टे गोळा केलेला माणूस. हा कार्देनास कोण ते कोणाला धड माहीत नव्हतं. दुसऱ्याच फेरीत त्यानं डाव्या हूकनं इनोउएला खाली बसवलं. इनोउए उठला, सातव्यात कार्देनासला पाडलं, आठव्यात पंचांनी लढत थांबवली. एकाच शनिवार-रविवारात सगळ्यात मेलेली आणि सगळ्यात जिवंत लढत झाली, आणि मामांनी नेमकी मेलेली पाहिली.

माझं मत असं, की हेवीवेट आणि मोठी नावं सोडा, हलक्या वजनाकडे जा. तिथं पैसा कमी, म्हणून हरायची भीतीही कमी. मोठ्यांतलं एकच सांगतो, बेतरबिएव्ह–बिवोल, ऑक्टोबर 2024 आणि फेब्रुवारी 2025. एक तो जिंकला, एक हा.

जाता जाता. हा खेळ आपल्या दाराशी आला तेव्हाची एक आठवण. मार्च 2021 मध्ये विजेंदर सिंग पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर खेळला. आम्ही घाट उतरून चाललो होतो, पण करोनाच्या भानगडीत बेत फसला आणि फोनवरच पाहिलं. बारा लढती न हरलेला माणूस, पाचव्या फेरीत एका रशियन पोरानं थांबवला. त्यानंतर आमच्या ग्रुपमधले सगळे क्रिकेटकडे परत गेले. मी एकटाच राहिलो.

शहापूरचा_भाचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. शिफ्ट बदलली होती.

मामांना "बॉक्सिंग बघायला या" म्हटलं नाही, तर आले नसते. "सेट-टॉप बॉक्स बिघडलाय" म्हणून बोलावलं. आले, बघितलं, बिघडलेला नव्हता, आणि मी पोरीच्या मोबाईलवरून इनोउए–कार्देनास टीव्हीवर लावली.

दुसऱ्या फेरीला मामा खुर्चीत पुढं सरकले. इनोउए पडला तसे "हांऽऽ" करून उठलेच. ते तीन वेळा मागं घेऊन बघायला लावलं. "घाई नडली. पोरगं चांगलं हाय, पण घाई नडली." आठव्या फेरीनंतर पाणी मागितलं.

मग बेतरबिएव्ह–बिवोल, पहिली. सहाव्या फेरीला मामा घोरत होते. चोर्ला दादा, माफ करा. जेवण जड झालं होतं, आमटीवर तिसरी पोळी घेतली होती, लढतीला दोष देत नाही.

टेलर–सेरानो मात्र मामींनी बघितली. स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, मग पाटावर बसल्या. "ती डोकं मारायलीय, कुणी बघायलंय काय?" असं दोनदा म्हणाल्या. आठव्या फेरीत पंचानं टेलरचा गुण कापला तेव्हा, "आत्ता दिसलं व्हय त्याला!" निकाल लागला तशी मामींनी टीव्हीलाच विचारलं की एका गुणानं कसं काय. तोपर्यंत मामा जागे झाले होते आणि गुण कसे धरतात ते समजावून सांगू लागले. दहा गुणांची पद्धत, पडला की अजून एक कमी, सगळं. मामी म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, हे आज सांगायलासा?"

कॅम्पातले काका, तुमची चाळणी पटली, पण मामांना सांगितली नाही. त्यांच्याकडच्या कॅसेटवर बोट ठेवायचं माझं वय नाही.

आता शेवटची मदत. निघताना मामांनी कागद मागितलाय. हेवीवेटचे चारही पट्टे आजच्या तारखेला कुणाकुणाकडे आहेत, ते मोठ्या अक्षरात लिहून पाहिजे, चष्म्याविना वाचता येईल असं. रविवारी नेऊन द्यायचाय. निपाणीकर, तुम्ही लिहाल काय? आणि शनिवारी रात्रीच पाठवा, आधी पाठवलात तर बदलेल.