छपराआधी पंखे बंद पडतात

स्टेडियम ओस पडलं की भोवतालची वस्ती उतरणीला लागते, असं म्हणतात. मला हे उलटं वाटतं: वस्ती आधी उतरणीला लागते, मग स्टेडियम ओस पडतं. अमेरिकेतल्या पॉन्टियाक शहराचं सिल्व्हरडोम स्टेडियम बघा. 1975 साली साडेपाच कोटी डॉलरहून जास्त खर्चून बांधलं आणि 2009 मध्ये कर्जात बुडालेल्या पालिकेनं 5,83,000 डॉलरला विकून टाकलं. पण तिथं खेळणारा डेट्रॉइट लायन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ 2002 मध्येच नव्या मैदानावर गेलेला आणि जनरल मोटर्स या मोटार कंपनीनं गावातला गाशा गुंडाळायला घेतलेला. स्टेडियमचं छप्पर कापडी होतं, आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं, म्हणजे पंखे सतत चालू पाहिजेत. 2013 मध्ये ते फाटून बसलं. 2017 मध्ये पाडायला सुरुंग लावले, तर पहिल्या दणक्याला इमारत हललीसुद्धा नाही! वायरिंगच्या बिघाडामुळे काही सुरुंग उडालेच नव्हते, पण बांधकामही मजबूतच होतं की.

आपल्या बेळगाव भागातल्या कुस्तीच्या तालमींचं वेगळं काय आहे? हौद्यातल्या लाल मातीला तेल, हळद, ताक लागतं आणि ती सारखी उकरावी लागते. आमच्या गल्लीतल्या तालमीत आता टिकाव आपटला तरी ढेकूळ निघत नाही. कोपऱ्यात मंडपाचे बांबू रचलेत. पोरं पुण्याला कामाला गेली, त्यांना दोष कसा द्यायचा?

आमदार फंडातून गॅलरी होईल, फरशी होईल, नावाची पाटी तर होईलच. वस्तादाचं मानधन आणि लाइट बिल कुठल्या खात्यातून, ते आधी ठरवा.