मदत हवी आहे: उबंटू १४.०४ वरून २२.०४ वर एसएसएच पासवर्ड मागतंय

नमस्कार मंडळी. लॅबमधल्या वर्कस्टेशनवर एमपीआयने (एकच काम अनेक मशीनवर वाटून चालवायची पद्धत) सिम्युलेशन चालवतो. बहुतेक मशीन उबंटू २२.०४ ची झाली आहेत, एक मात्र जुन्या सॉफ्टवेअरपायी १४.०४ वरच ठेवावी लागली आहे. त्या मशीनवरून एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) नव्यांत शिरताना पासवर्ड विचारला जातो आणि जॉब तिथेच लटकतो. गंमत म्हणजे पासवर्डऐवजी वापरतो तीच आरएसए की (लॉगिनची किल्ली-फाइल) नव्या मशीनवरून दुसऱ्या नव्या मशीनवर बिनबोभाट चालते.

फाइलींच्या परवानग्या तपासल्या, ठीक आहेत: होम डिरेक्टरीला ग्रुपची राइट परवानगी नाही, डॉट-एसएसएच ७००, ऑथोराइज्ड-कीज ६००. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) मात्र 'एसएसएच-आरएसए' हा प्रकार मान्य यादीत नाही, अशी ओळ दिसते.

माझा अंदाज: ओपनएसएसएच (एसएसएचचं सॉफ्टवेअर) ८.८ पासून शा-१ या जुन्या हॅश पद्धतीच्या आरएसए सह्या डीफॉल्टने बंद आहेत, आणि १४.०४ मधल्या ६.६ ला शा-२ च्या सह्या येतच नाहीत (त्या ७.२ मध्ये आल्या). म्हणजे दोष कीचा नाही, सहीच्या पद्धतीचा.

६.६ ला ईडी२५५१९ (कीचा दुसरा, नवा प्रकार) चालते, तेव्हा तीच नवी की करावी असं मला वाटतं. पण जुन्या स्क्रिप्टमध्ये आरएसए कीचा पाथ ठिकठिकाणी लिहिलेला आहे. सर्व्हरवर मॅच ॲड्रेस (ठरावीक पत्त्यापुरती सेटिंग) लावून फक्त त्या एका आयपीसाठी एसएसएच-आरएसए उघडणं कितपत सुरक्षित? कुणी केलंय का? कृपया सांगा, कामं अडली आहेत.