शुगरच्या फाइलमध्ये मनाचा रकाना हवा का?

साखरझोप:
मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दोन ते तीन पट असतं. तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) वाढलं की डॉक्टरांपासून सुनेपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "गोड खाल्लंत ना?" झोप लागते का, कशात मन रमतं का, हे कुणी विचारत नाही. खचलेला माणूस चालायला जात नाही, इन्सुलिन टाळतो आणि आपण त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होतो. माझ्या मते प्रत्येक तपासणीत हे विचारणं सक्तीचं हवं.

खडूसमामा:
जन्मभराचं पथ्य मागे लागल्यावर माणूस वैतागणारच! त्यालाही आजार ठरवा, म्हणजे पाच गोळ्यांत सहावीची भर. बाहेर पेशंट ताटकळलेले असताना गाऱ्हाणी ऐकायला वेळ कुणाला आहे?

लिंबूपाणी:
मामा, वैताग वेगळा आणि नैराश्य वेगळं, इथवर मान्य. सुया, मोजमाप, पथ्य यांनी जो शीण येतो त्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. त्यावर गोळी हा उपाय नव्हेच. पण दोन्हींतला फरक विचारल्याशिवाय कळणार कसा? पीएचक्यू-२ या नैराश्य ओळखायच्या प्रश्नावलीत दोनच प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, हताश वाटतंय का. एवढ्याने रांग अडत नाही.

रक्तगट_ओ:
माझा आक्षेप वेगळाच आहे. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं. त्यातून थकवा येतो, मन उदास होतं. थायरॉइड मंदावलं तरी तेच. आधी रक्त तपासा, मग मनाचं बघू.

साखरझोप:
आधी-मग कशाला? दोन्ही एकदमच करा. बी-१२ कमी निघालं म्हणून नैराश्य नाहीच, असं थोडंच ठरतं?

खडूसमामा:
समजा, उत्तर 'हो' आलं. पुढे काय? आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही.

लिंबूपाणी:
१४४१६, टेली-मानस, मनाच्या तक्रारींसाठीची फोन हेल्पलाइन. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही. सुरुवातीला पुरेसं आहे.

खडूसमामा:
बरं, विचारा. पण शेजारी बायको बसलेली असताना नको. कुठला गडी 'हो' म्हणेल?

साखरझोप:
हे मात्र शंभर टक्के! वजन-बीपी घेताना सिस्टरनेच विचारावं. तेव्हा घरचे बाहेर असतात.