पुन: गोव्यातल्या शाळेला खताचं यंत्र

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून उरलेली रक्कम काका बघतात त्या गोव्यातल्या शाळेच्या कंपोस्ट प्रकल्पाला द्यायचं कार्यकारिणीत ठरलंय. विजेवरच्या एका यंत्राचं कोटेशन आलंय: रोज ५० किलो ओला कचरा, २४ तासांत खत. काका, यंत्र ठेवायच्या जागेचा फोटो पाठवाल का? मंडळाच्या नावाची छोटी पाटीही लावायची आहे.

*

प्रेषक: माजी सचिव, मुक्काम फोंडा तालुका

खजिनदारबाई,
यंत्र नको. रागावू नका, आधी हिशेब ऐका.

आमची शाळा चौथीपर्यंतची, सरकारी मराठी प्राथमिक. मुलं ३१. दुपारचा भाजी-पाव महिला स्वयंसहाय्य गट बाहेरून करून आणतो, त्यामुळे शाळेत चूल नाही की भाजीची सालं नाहीत. मी आठवडाभर तागडी घेऊन बसलो. केळ्याची सालं, ताटात उरलेली भाजी, बाईंच्या चहाचा चोथा, सगळं मिळून दिवसाला दोन किलोही भरेना. ५० किलोच्या यंत्राचं पोट भरायला मला वाड्यावर घरोघर फिरावं लागेल. शिवाय असली यंत्रं करतात काय, तर कचरा तापवून, सुकवून दळतात. ती पूड कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागते. कुजायचं काम शिल्लकच असतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

आमच्याकडे रग्गड आहे तो पातेरा, म्हणजे वाळका पाला. अंगणात दोन आंबे, एक फणस, कुंपणाला काजू. फेब्रुवारीपासून रोज पोती भरतात आणि शनिवारी त्याला काडी लावायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. धूर वर्गात. मी इथे येऊन पहिलं काय केलं असेल तर ती काडी थांबवली.

आता फजिती. जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात उत्साहाने खड्डा खणला. कोकणात पावसाळ्यात खड्डा! इथे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे मी पंचवीस वर्षं कॅलिफोर्नियात राहून विसरलो होतो. आठ दिवसांत खड्ड्याचं डबकं झालं. कुजक्या अंड्यासारखा वास. त्यात वरवर टाकलेल्या भाजीवर काळी सैनिक माशी अंडी घालून गेली, आणि एका सकाळी बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या पहिलीच्या वर्गाच्या उंबरठ्यावर. मुलं खूश, पालक नाहीत. त्या अळ्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा झपाट्याने खातात, हे मी पालकसभेत सांगितलं. कुणी ऐकलं नाही, मीही ऐकलं नसतं.

वाचवलं ते शाळेचं अंगण झाडणाऱ्या मावशींनी. त्यांचं अर्धं आयुष्य कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गेलेलं. मी 'कंपोस्ट, कंपोस्ट' करतोय ते बघून म्हणाल्या, "सारें म्हण रे, सारें." सारें म्हणजे कोंकणीत खत. त्यांनी खड्डा बुजवायला लावला. जमिनीच्या वर चिरे रचायचे, सिमेंट न लावता, मधे फटी ठेवून, म्हणजे वारा खेळतो. तळाला नारळाची सोडणं, त्यावर चुडतं म्हणजे झावळ्या. वर पत्रा. मग एक टोपली ओलं, तीन टोपल्या पातेरा, मधे शेणाचा काला, असे थर. पातेऱ्यात कार्बन फार, नायट्रोजन कमी. कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट असला की ढीग चांगला तापतो, हे मी पुस्तकातून शिकलो. त्यांना ते हाताने कळतं. शेण कमी पडलं की कुंपणाचं गिरीपुष्प छाटून घालतात. काजूची पानं चिवट, म्हणून ती आधी मुलांनी तुडवायची. मधल्या सुट्टीत यासाठी भांडणं होतात.

ओल बघायची तर मूठभर काढून पिळायचं. बोटांतून थेंब-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवा, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. ताप बघायला लोखंडी सळई. ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवायची आणि उपसून हात लावायचा. पन्नाशीच्या वर अंश गेले की हात टेकवत नाही. चौथीतली एक मुलगी सळई धरून ओरडली, "सर, हे आजारी आहे!" तेव्हापासून ढिगाला सगळे 'पेशंट' म्हणतात.

तेव्हा यंत्राऐवजी द्यायचंच असेल तर चिरे, चार पत्रे, एक चाळण, आणि मावशींना चतुर्थीच्या व मे महिन्याच्या सुट्टीचं मानधन. असले प्रकल्प सुट्टीत मरतात. मुलं घरी, बाई गावाला, ढीग एकटा.

*

प्रेषक: सदस्य, सॅन फ्रान्सिस्कोजवळून

काका, मस्त! आमच्याकडे हे सगळं हिरव्या डब्यात जातं. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ पासून सक्ती आहे, अख्ख्या राज्यात जानेवारी २०२२ पासून. डबा रस्त्यावर ठेवला की आपलं काम संपलं. पण गावात कम्युनिटी गार्डन का नाही काढत? प्रत्येक कुटुंबाला एक वाफा, मधोमध सामायिक कंपोस्ट.

*

प्रेषक: सदस्या, पणजी

काकांच्या आधी मीच लिहिते. अहो, गावात घरटी परसू असतो. पाऊस पडला की भेंडी, दोडकी, तवशी लागतात. वाफा भाड्याने कोण घेणार? सामायिक बाग लागते ती आम्हा फ्लॅटवाल्यांना. पणजीत महापालिकेने बऱ्याच कॉलन्यांत खताचे गाळे बांधलेत. आमच्या सोसायटीने त्यालाच लागून बारा कुंड्यांची बाग केली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी साळगावला मोठा प्रकल्प सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करतात. पण पिशवीत डायपर निघाला की सगळं मुसळ केरात.

चतुर्थीत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीचं, काय करता, काका? आमच्याकडे निर्माल्याचा डोंगर झाला.

*

प्रेषक: माजी सचिव

माटोळी यंदा शाळेत आली! विसर्जनानंतर वाड्यावरच्या लोकांनी आपण होऊन आणून टाकली. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, रानफळं, आंब्याचे टाळे. देवाचं निर्माल्य पायदळी येऊ नये असं लोकांना वाटतं, आणि शाळेत झाडाला जाणार म्हटल्यावर कुणालाच खटकलं नाही. घोळ एवढाच की पूर्वी माटोळी कुंब्याच्या झाडाच्या सालीच्या वाखाने बांधत, आता नायलॉनच्या सुतळीने. दोन दुपारी आम्ही अकरा जण गाठी सोडत बसलो होतो. खतातून अजून निळे तुकडे निघतात.

आणि खजिनदारबाई, जाता जाता: गणपतीत आपण 'कंपोस्टेबल' म्हणून ज्या ताटल्या आणतो, त्यातल्या पीएलएच्या, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकच्या, असतील त्या शाळेच्या ढिगात वर्षानेही विरघळणार नाहीत. त्यांना कारखान्यातला टिकून राहणारा ताप लागतो. इथे सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद खोळीच्या, ताटल्या करतात. त्या तोडून टाकल्या की कालांतराने माती.

*

प्रेषक: खजिनदार

काका, यंत्र रद्द. चिरे, पत्रे, चाळण मंजूर. मानधनावर दोघांचा आक्षेप होता, पण मंडळाची घटना काढून वाचली, 'प्रकल्पासाठी लागणारे श्रम' त्यात बसतात. सुट्ट्यांचे आठवडे मोजून कळवा. पाटीचा आग्रह सोडते. प्रत्येक वस्तूची पावती मात्र हवी, आमच्याकडे ऑडिट असतं.

*

प्रेषक: माजी सचिव

चिऱ्यांची मिळेल, पत्र्यांची मिळेल. मावशी सही करतील. शेण शेजारच्या गोठ्यातून येतं आणि त्या बदल्यात आम्ही त्यांना चाळलेलं अर्धं पोतं देतो. त्याची पावती कशी फाडायची ते तुम्हीच सांगा.